औषधाने व्रत मोडत नाही

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली. श्रीदत्तजयंतीनिमित्त आपल्या मंदिरात नित्याप्रमाणे श्रीगुरुचरित्राचा सप्ताह बसेल, कित्येक घरांतून स्वतंत्र पारायणेही होतील, आणि सांगतेनंतर बरीच मंडळी श्रीक्षेत्र गाणगापुरास जाऊन भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करतील व निर्गुण पादुकांचे दर्शन घेतील. हा आनंदाचा योग होय. परंतु दरवर्षी याच सुमारास एक प्रश्न आमच्या कानी येतो. तो विचारणारी माणसे मोठ्याने विचारीत नाहीत. देवळाच्या ओवरीत, पोथी फडक्यात बांधता बांधता, हळूच विचारतात की, घरातल्या मुलास फेफऱ्याची गोळी चालू आहे, सप्ताहाच्या सोवळ्यात ती दिलेली चालेल काय, की तेवढे सात दिवस बंद ठेवावी?

उत्तर आधी सांगतो, विवेचन मागाहून करतो. गोळी द्यावी, आणि तिची एकही वेळ चुकवू नये.

हे केवळ डॉक्टरांचे म्हणणे नव्हे, शास्त्राचेही म्हणणे हेच आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुराने धृतराष्ट्रास जी नीती सांगितली, तीत व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी मोजल्या आहेत. पाणी, कंदमुळे, फळ, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध, या त्या आठ होत. आपल्या बीदर नगरीचे नाव लोकपरंपरा ज्या विदुराशी जोडते, त्याच विदुराच्या मुखी हे वचन यावे हा आपणा सीमाभागातील लोकांस विशेष समाधानाचा भाग आहे. पाण्याने उपवास मोडत नाही हे आपण सर्वजण मानतो, आणि निर्जळी न साधणारा मनुष्य निःशंकपणे घोटभर पाणी पितो. त्याच पंक्तीत विदुराने औषध बसविले आहे. मग पाण्याच्या त्या घोटाबरोबर गोळी गिळली तर व्रतास बाध कसा यावा?

यावर कोणी म्हणेल की, श्रीगुरुचरित्रातच आपल्या बीदरच्या यवन राजाची कथा आहे. त्याच्या मांडीस स्फोटक झाला, वैद्यांचे उपाय हरले, आणि श्रीगुरूंच्या कृपेने तो बरा झाला. तेव्हा खऱ्या भक्ताने औषध टाकून कृपेवर विसंबावे हे बरे. कथा खरीच मोठी आहे, परंतु तीतून हा अर्थ निघत नाही. त्या राजाने आधी वैद्यांकडे धाव घेतली याबद्दल त्यास कथेत कोठे दोष दिलेला नाही. कथेचा गाभा व्याधिनाशात नसून ओळखीत आहे. पूर्वजन्मीच्या रजकास श्रीगुरूंचे स्मरण झाले, हे त्या अध्यायाचे रहस्य होय. कृपा मागावी, अवश्य मागावी. पण कृपेची परीक्षा पाहण्यासाठी स्वतःच्या लेकरास पणास लावणे ही भक्ती नव्हे.

आता या व्याधीचे स्वरूप थोडक्यात पाहू. आपल्या पूर्वजांनी तिला अपस्मार म्हटले. स्मृती जेथे निघून जाते तो अपस्मार. चरकसंहितेत त्याचे निदान व चिकित्सा स्वतंत्र अध्यायांत सांगितली असून दोषांप्रमाणे त्याचे चार प्रकार मानले आहेत. आजचे विज्ञान सांगते की, मेंदूतील पेशींमध्ये विजेचे सूक्ष्म प्रवाह सदैव चालू असतात, ते काही क्षण एकाच वेळी बेताल उसळले म्हणजे आकडी येते. कोणाचे हातपाय झटकतात, कोणी नुसताच टक लावून बसतो, कोणी कपड्याशी चाळा करीत राहतो. जन्मवेळी झालेली इजा, डोक्यास लागलेला मार, मेंदूचा ताप, पक्षाघात, अस्वच्छ पाण्यातून वा न धुतलेल्या भाजीतून पोटात जाणारी फीतकृमीची अंडी अशी त्याची नाना कारणे आहेत, आणि पुष्कळदा कारण सापडतही नाही. हा रोग स्पर्शाने होत नाही. तो कोणाच्या करणीने होत नाही, आणि पितरांच्या कोपानेही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे पाच कोटी लोकांस हा विकार आहे, आणि योग्य औषध नियमाने मिळाल्यास त्यांपैकी शेकडा सत्तरपर्यंत लोक आकडीवाचून राहू शकतात.

औषध काय करते हे समजण्यास आपल्याच परंपरेतील एक मूर्ती उपयोगी पडेल. नटराजाच्या उजव्या पायाखाली जो बुटका असुर दिसतो, त्याचे नाव अपस्मार. शिवांनी त्याचा वध केला नाही, त्यास पायाखाली दाबून ठेवले, अशी परंपरा आहे. आकडीच्या औषधाचे कार्य तंतोतंत असेच असते. ते रोगाचा वध करीत नाही, त्यास दाबून धरते. ज्या दिवशी पाय उचलला जातो, त्या दिवशी असुर उठतो. म्हणूनच दोन महिने आकडी आली नाही, आता बरे झाले, असे समजून गोळी थांबविणे यासारखा घात नाही. आकडी आली नाही ती गोळीमुळेच. औषध एकाएकी तोडल्यास कधीकधी एकामागून एक आकड्या येतात, मध्ये शुद्ध येत नाही, आणि प्राणावर बेतते. पुष्कळांचे औषध पुढे बंदही होते. परंतु दोन वर्षे अथवा अधिक काळ आकडी न आल्यावर, डॉक्टरांच्या विचाराने, मात्रा थोडी थोडी उतरवीत ते केले जाते. ते काम पंचांग पाहून करावयाचे नव्हे.

ही औषधे मनुष्यजातीस सहज मिळाली नाहीत. १८५७ साली इंग्लंडात चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाऊप्टमान यांनी फेनोबार्बिटालचा गुण पाहिला. १९३८ साली अमेरिकेत मेरिट व पुटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले. मागाहून कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम अशी अनेक औषधे आली. चरकांच्या काळी नुसते वर्णन करता येत होते अशा कित्येक यातना आज एका लहानशा गोळीने आवरतात. या गोळीत ईश्वराची कृपा पाहू नये असे कोणी सांगितले आहे?

परंतु सत्य सांगावयाचे तर पुरते सांगितले पाहिजे. या गोळ्यांस किंमत द्यावी लागते, आणि ती पैशापलीकडची असते. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आम्हास स्वतःस हा विकार वयाच्या तेराव्या वर्षापासून आहे. पहिल्या औषधाने आकड्या कमी झाल्या, पण झोप अशी येई की काकडआरतीस उभे राहिले असता डोळे मिटत, आणि पाठ असलेल्या स्तोत्रातील पुढचा शब्द जिभेवर येत नसे. पुरोहिताच्या मुलास शब्द न आठवणे म्हणजे काय, हे आपण जाणता. काहींनी आम्हास आळशी म्हटले, काहींनी अभ्यासाकडे लक्ष नाही असे म्हटले. डॉक्टरांस हे सविस्तर सांगितल्यावर त्यांनी औषध हळूहळू पालटले. दुसऱ्या औषधाने बुद्धी मोकळी झाली, आकड्या थांबल्या, पण वजन वाढले आणि हातास बारीक कंप आला. पंचारती हातात धरली की ज्योती हलत. अशा मनुष्याने गाभाऱ्यात उभे राहावे की नाही, अशी कुजबुज काही काळ चालली होती, हे आम्हास ठाऊक आहे. तीर्थरूपांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी जड पंचारती फडताळात ठेवली आणि हलके निरांजन आमच्या हाती दिले. आज दोन वर्षे आम्हास आकडी नाही. निरांजन अजून किंचित हलते. देवास त्याची अडचण झालेली दिसत नाही.

प्रत्येकाची किंमत निराळी असते. फेनिटॉइनने कोणाच्या हिरड्या फुगतात, मात्रा थोडी अधिक झाली तरी चालताना तोल जातो आणि एकाचे दोन दिसतात. व्हॅल्प्रोएटने केस गळतात, भूक वाढते, क्वचित यकृतास पीडा होते. लेव्हेटिरासिटामने शांत मनुष्य चिडखोर होतो, कधी मन खिन्न होते. फेनोबार्बिटालने काही मुले उलट दांडगाई करू लागतात. अशा वेळी घरातील मंडळींनी हा स्वभावदोष समजून रागावू नये. सून तापट नसेल, गोळी तापट असेल. याचा इलाज डॉक्टरांस सांगणे हा आहे, गोळी परस्पर टाकणे हा नव्हे. मात्र कार्बामाझेपिन, फेनिटॉइन अथवा लॅमोट्रिजिन नव्याने सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठले, तोंड आले किंवा ताप आला, अथवा कोणत्याही औषधावर डोळे पिवळे झाले, जीव नकोसा वाटण्याचे विचार येऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, सकाळची वाट पाहू नये.

आता दुसरी गोष्ट, जी घरोघर ठाऊक नाही. आयुर्वेदात विरुद्धाहार म्हणून एक विचार आहे. दूध निर्दोष असेल, मासाही निर्दोष असेल, पण दोन्ही एकत्र सेवन करू नयेत, असे चरक सांगतात. औषधांचेही तसेच आहे. दोन चांगली औषधे पोटात एकमेकांशी वैर धरू शकतात. क्षयावरील रिफाम्पिसिन आकडीच्या कित्येक औषधांचे रक्तातील प्रमाण खाली आणते, तर क्षयावरचेच आयसोनियाझिड फेनिटॉइनचे व कार्बामाझेपिनचे प्रमाण वर चढविते. कार्बामाझेपिनसमवेत एरिथ्रोमायसिन दिल्यास चक्कर व उलट्या होण्याइतके औषध रक्तात साचते. व्हॅल्प्रोएट चालू असता मेरोपेनेम हे इंजेक्शन दिल्यास त्याचा प्रभाव एक-दोन दिवसांत उतरतो आणि आकडी येते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटाल यांच्यामुळे संततिनियमनाच्या गोळ्या निकामी होऊ शकतात. आणि वनस्पतीचे औषध म्हणून निर्धोक समजू नये. मुलांची स्मरणशक्ती वाढावी म्हणून आपण ज्या शंखपुष्पीचा पाक हौसेने देतो, तो फेनिटॉइन घेणाऱ्या रोग्यांस दिल्याने आकड्या पुन्हा येऊ लागल्याचे आढळले. मुंबईच्या संशोधकांनी त्याचा शोध घेतला, तेव्हा शंखपुष्पीमुळे फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण घटते असे दिसून आले आणि ते १९९२ साली प्रसिद्ध झाले. शंखपुष्पी वाईट नव्हे, फेनिटॉइनही वाईट नव्हे. संगत वाईट.

आपल्या सीमाभागात हा धोका विशेष आहे. मेंदूच्या डॉक्टरांकडे आपण सोलापुरास अथवा हैदराबादेस जातो, तापासाठी भालकी, बसवकल्याण किंवा आळंदच्या दवाखान्यात जातो, मोठ्या दुखण्यास बीदर-कलबुर्गी गाठतो, आणि घरी आल्यावर ओळखीच्या वैद्यांचा काढाही घेतो. एका डॉक्टरांचा कागद इंग्रजीत, दुसऱ्यांचे बोलणे कन्नडमध्ये, आणि आपण मराठीत विचार करणार. एकाने काय दिले हे दुसऱ्यास कसे कळावे? यास्तव आमची प्रत्येक घरास विनंती आहे की, औषधाचे नाव, गोळीची मात्रा, घेण्याच्या वेळा आणि पूर्वी न मानवलेली औषधे एका कागदावर लिहून तो कागद जानव्याप्रमाणे सदैव जवळ बाळगावा. डॉक्टर, दंतवैद्य, वैद्य, औषधांचे दुकानदार, ज्यांच्याकडून म्हणून काही घ्यावयाचे, त्या प्रत्येकास तो आधी दाखवावा. दुकानदाराने निराळ्या कंपनीची गोळी दिली तर तीही डॉक्टरांस कळवावी.

यापुढील गोष्ट मुलींच्या आईबापांसाठी आहे, आणि ती सांगताना आम्हास संकोच वाटत नाही, कारण मंगलाष्टके म्हणण्यास आम्ही उभे असतो. मुलीस गोळी चालू आहे हे लपवून लग्न लावले जाते. मग सासरी ती ट्रंकेच्या तळाशी गोळ्या ठेवते, कोणी पाहील या भीतीने वेळ चुकविते, आणि आकडी येऊन ज्याची भीती तेच होते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्याच्या अटींत अपस्माराचा उल्लेख आला होता. तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. कायद्याने जो कलंक पुसला तो आपण गोत्र-नाडीच्या कागदावर पुन्हा का लिहावा? खरे सांगून जमलेले लग्नच टिकते. आणखी एक अत्यंत महत्त्वाची बाब ही की, गर्भारपणी व्हॅल्प्रोएट चालू राहिल्यास शंभरांतील सुमारे दहा बालकांत जन्मजात व्यंग आढळते, आणि तीस ते चाळीस बालकांच्या बुद्धीच्या वाढीत अडथळा येतो. म्हणून विवाह ठरताच, गर्भ राहण्यापूर्वीच, डॉक्टरांशी बोलून औषध पालटता येते काय ते पाहावे आणि फॉलिक ॲसिड सुरू करावे. गर्भ राहिल्यावर घाबरून औषध एकाएकी तोडू नये, कारण आईची मोठी आकडी बाळासही घातक असते. या व्याधीच्या असंख्य स्त्रिया निरोगी बालकांच्या माता झाल्या आहेत.

आता सप्ताहाविषयी. पारायणास बसणाऱ्याने गोळीच्या वेळा आधी ठरवून त्याप्रमाणे अध्यायांचे विराम ठेवावेत. पाण्याचा तांब्या आणि गोळी आसनाजवळ असावी. काही औषधांच्या वेष्टनात प्राणिज सरस असतो, म्हणून कोणाचे मन कचरले तर डॉक्टरांकडे दुसरा प्रकार मागावा, पण तो मिळेतो आहे ते घ्यावे. अशा माणसाने जागरण करू नये, कारण निद्रानाशाने आकडी लवकर येते. आपल्या वाटचे जागरण घरातील दुसऱ्याने करावे, पुण्य घरातच राहील. कडक उपवासाऐवजी फलाहार घ्यावा. संगमावर एकट्याने पाण्यात उतरू नये, सोबतीस हात धरणारा असावा. डोक्यावर फार कढत पाणी ओतल्यानेच आकडी येण्याचा एक प्रकार आपल्या राज्याच्या दक्षिण भागात पुष्कळ दिसून आला आहे, तेव्हा अभ्यंगाचे पाणी कोमट असावे. यात्रेस निघताना दिवस मोजून गोळ्या घ्याव्यात आणि दोन दिवसांच्या अधिक घ्याव्यात. त्या मोठ्या सामानात न ठेवता अंगाबरोबर ठेवाव्यात.

मंदिरात कोणास आकडी आलीच तर कांदा, चप्पल अथवा किल्ल्या आणण्यास धावू नये. समईसारखी वस्तू दूर करावी, डोक्याखाली उपरणे ठेवावे, गळ्याभोवतीचे वस्त्र सैल करावे, आणि झटके ओसरताच कुशीवर वळवावे. तोंडात बोट, चमचा, पाणी, तीर्थ, काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत आकडी न थांबल्यास अथवा शुद्ध येण्यापूर्वी दुसरी आल्यास १०८ वर दूरध्वनी करून दवाखान्यात न्यावे. आणि शुद्धीवर आलेल्या मनुष्याभोवती गर्दी न करता एकाने शांतपणे त्याच्याजवळ बसावे. डोळे उघडताच पन्नास चेहरे वाकून पाहत आहेत हे दृश्य फार दुःखदायक असते.

गाणगापुरास मध्यान्हीच्या आरतीच्या वेळी महाराजांपुढे पीडित माणसे येतात. त्यांतील कित्येकांस भूतबाधा म्हणून आणलेले असते, आणि त्यांच्यापैकी काहींस हाच विकार असणे शक्य आहे. त्यांना तेथे आणू नये असे आम्ही म्हणत नाही. श्रीगुरूंच्या दारी कोणी येऊ नये? आमचे म्हणणे इतकेच की, त्यांना दर्शनास नेणाऱ्याने तेथूनच पुढे दवाखान्यासही न्यावे. विदुराने ज्या आठ गोष्टी सांगितल्या, त्यांत गुरूचे वचन आणि औषध शेजारी शेजारी आहेत. शेजाऱ्यांत आपण भांडण लावू नये.

व्रत म्हणजे ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट, मन असो वा नसो, फळ दिसो वा न दिसो, निष्ठेने करीत राहणे. सकाळी एक व रात्री एक गोळी वर्षानुवर्षे न चुकविणारा मनुष्य याहून निराळे काय करतो? तेव्हा या सप्ताहात अशा घरांनी अधिक एक संकल्प सोडावा की, औषधाची वेळ पाळीन, काही त्रास झाला तर लपविणार नाही, आणि कोणास विचारल्यावाचून ते थांबविणार नाही. इतरांनी संकल्प सोडावा की, अशा मनुष्यास पंगतीतून, पारायणातून, मांडवातून वगळणार नाही.

श्रीगुरुकृपेने सर्वांचे सप्ताह निर्विघ्न पार पडोत, आणि सर्वांच्या घरी शांत निद्रा असो.

इत्यलम्.